पेठेतली जागा रिकामी करण्याआधी: जमिनीखाली काय उरलंय हे कसं तपासायचं

सॉइल टेस्टच्या अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं: ‘० ते ३ मीटर, भराव.’ बिल्डर ते वाचतो आणि म्हणतो, कचराच आहे, उचलून टाकू. सोसायटीचे सभासदही मान डोलावतात. पुण्यातल्या कसबा पेठेत, किंवा सोमवार-मंगळवारच्या जुन्या भागात, हा ‘भराव’ म्हणजे बहुतेक वेळा पांढरी असते. पिकवायची ती काळी आणि राहायची ती पांढरी, हा भेद आपल्या गावगाड्याला पाठ होता. चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, फुटकी खापरं, पुन्हा बांधलेली जोती असं पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलं की जमीन करडी-पांढुरकी होते आणि उंच होत जाते. मातीचा अभियंता तिला भराव म्हणतो, कारण तिच्यावर पाया टाकता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. चूक आपली होते, कारण तोच शब्द आपण पुरातत्त्वाचा निष्कर्ष म्हणून वाचतो.

हा लेख जागामालक, सोसायटीची कमिटी, आर्किटेक्ट आणि नव्यानेच असं काम हाती घेणारे अभ्यासक यांच्यासाठी आहे. तपासणीत तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची असतात. इथे काय होतं? त्यातलं काय उरलंय? आणि तुमच्या नव्या नकाशामुळे त्यातलं काय जाणार? माझ्या पाहण्यातले बरेच अहवाल पहिल्याच प्रश्नावर चाळीस पानं खर्च करतात. शहाजीराजांपासून सुरुवात होते आणि प्लॉटपर्यंत यायच्या आत कागद संपतो.

तयारी: काम सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेची शीट. आता उभ्या असलेल्या इमारतीचा महापालिकेने मंजूर केलेला जुना नकाशा, मिळाला तर पायाच्या तपशिलासह. नव्या इमारतीचा कच्चा का होईना पण उभा छेद. शेवटचा कागद लोक विसरतात. किती खोल जाणार हेच माहीत नसेल तर काय जाणार ते सांगता येत नाही.

वेळेचं गणितही आधी मांडा. कागदांना मी तीन आठवडे धरतो, कारण जुना नकाशा पहिल्या फेरीत कधीच मिळत नाही. जागेवरचं काम पावसाळ्याच्या आधी किंवा दिवाळीनंतर करा. जुलैत काढलेल्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी फक्त चहाच्या रंगाचं पाणी दिसतं.

१. आधी बंधनं पाहा, मग इतिहास

जागा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाजवळ आहे का, हे पहिल्या दिवशी तपासा. पुणे शहरात शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही नावं लगेच आठवतात, नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेसही यादीत आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्या पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, फक्त परवानगी घेऊन दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं. दुसऱ्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो.

अंतर संरक्षित हद्दीपासून मोजायचं असतं, नजरेला दिसणाऱ्या भिंतीपासून नाही. मोबाइलवर बुरुजाला बोट लावून मोजलेले १०५ मीटर कुणी धरत नाही.

त्यानंतर राज्य संरक्षित स्मारकांची यादी आणि महापालिकेची वारसा यादी पाहा. वारसा यादीतल्या श्रेणी जमिनीवर उभ्या असलेल्या वास्तूसाठी आहेत. ‘आमचा वाडा यादीत नाही, म्हणजे खाली काही नाही’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज. १९७८ ची साधी तीनमजली इमारत कुठल्याच यादीत नसते, पण तिच्या दोन कॉलमच्या मधल्या मातीला कुणी हातही लावलेला नसतो.

संरक्षित हद्दींच्या बाहेर, खासगी जागेवर हा अभ्यास कराच असं सांगणारा सरसकट नियम नाही. तरी तो करून घ्यावा, कारण पोकलेन उभं असताना लागलेल्या तळघराची किंमत दिवसाच्या भाड्यात मोजावी लागते.

२. कागद: जुनं नाव माहीत नसेल तर कागद सापडत नाही

पेठांची आजची नावं घेऊन दप्तरात गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. शनिवारचं जुनं नाव मुर्तजाबाद, रविवारचं मलकापूर, सोमवारचं शहापूर, मंगळवारचं अष्टापूर, बुधवारचं मोहियाबाद, शुक्रवारचं विसापूर. गुरुवार पेठ बरीच वर्षं वेताळ पेठ होती. शोधाच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहा.

पुण्यात शोधायच्या मुख्य जागा तीन: पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि येरवड्याच्या बाजूचं डेक्कन कॉलेज. पहिल्या दोन ठिकाणी मोडी वाचणारं माणूस सोबत लागतं. ‘थोडंफार येतं’ असं म्हणणारा नको, कारण खर्चाच्या यादीतला एक आकडा चुकला की हौदाची विहीर होते.

कागदांत राजकारण शोधत बसू नका. हे शोधा: आड, विहीर, हौद, पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा), तळघर, पागा, कारखाना, जळाल्याची नोंद, वाटणी. वाटणीचे कागद तर सोनं. चार भावांत वाडा वाटताना ‘मागील चौकातील आड सामाईक’ असं वाक्य हमखास येतं, आणि तो आड आज कुणाच्या तरी पार्किंगखाली असतो.

गल्लीचं नाव हासुद्धा पुरावा आहे. तांबट आळीत धातुकामाची राख आणि मळी, कुंभारवाड्यात जास्त भाजून वाकडी झालेली भांडी, बुरूड आळीत फारसं काहीच नाही, कारण बांबू कुजतो. पुरावा न मिळणं म्हणजे वस्ती नव्हती असं नाही, हे अशा वेळी लक्षात ठेवावं.

पाण्याच्या दोन गोष्टी वेगळ्या तपासा. आंबील ओढा पेशवाईत वळवला गेला. त्याचा जुना प्रवाह आजच्या पेठांमधून जात होता. तुमचा प्लॉट त्या जुन्या पात्रावर असेल तर खोलवर मऊ गाळ लागेल आणि वस्तीचे थर एकसलग मिळणार नाहीत. दुसरी गोष्ट कात्रजची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून दगडी नळाने शहरात पाणी आणलं आणि पेठांतल्या हौदांत सोडलं. त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे हवा सोडायचे मनोरे, अजून काही ठिकाणी चौकोनी खांबासारखे उभे दिसतात, आणि लोक त्यांना जुनी समाधी किंवा पडकं देऊळ समजतात. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जुना जलमार्ग लागला तेव्हा बातमी ‘भुयार सापडलं’ अशीच झाली होती. भुयार शनिवारवाड्यापर्यंत जातं, ही माहिती प्रत्येक प्लॉटवर एक आजोबा देतातच. ती ऐकून घ्या, आणि दोन उच्छ्वास जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढून पाहा.

तपासा: कागदावरून आलेली प्रत्येक गोष्ट आजच्या सिटी सर्व्हे शीटवर खुणेने बसवली का? ‘वाड्याच्या पाठीमागे’ ही जागा नव्हे. पाठीमागे म्हणजे नेमकं कुठे हे ठरलं नाही, तर अहवालात ‘जागा अनिश्चित’ असं स्पष्ट लिहा.

३. इमारत उभी असतानाच फिरून घ्या

पाडकाम झालं की निम्मा पुरावा राडारोड्याच्या डंपरमधून जातो. म्हणून ही फेरी आधी करायची.

रस्त्यावरून आत जाताना पायऱ्या चढाव्या लागतात की उतराव्या लागतात? उतराव्या लागत असतील तर रस्ता वर आला आहे, आणि जुन्या अंगणाची पातळी शाबूत असण्याची शक्यता वाढते. शेजारच्या तीन-चार प्लॉटांची पातळीही मोजा. भोवतालची जमीन सपाट असताना एकच प्लॉट मीटरभर खाली असेल तर तिथे आधीच कुणीतरी माती काढली आहे.

जोत्याचे दगड पाहा. खाली मोठे घडीव दगड आणि वर लहान, वेडेवाकडे, मातीत बसवलेले असतील तर जुन्या जोत्यावर नवं घर चढलं आहे. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्त्यावर अनेक जागांचा पुढचा भाग रस्त्यात गेला आहे. तिथे आजचा दर्शनी सोपा (ओसरी) हा मूळ वाड्याचा दुसरा चौक असू शकतो आणि पहिला चौक डांबराखाली. त्यामुळे ‘चौकाच्या मध्यभागी हौद’ हा ठोकताळा अशा जागी चुकतो.

भाडेकरूंशी बोला. मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. बोअर कुठे मारलं, आड कधी बुजवला, न्हाणीघराची फरशी कुठे खचते. एका वाड्यात एक आजी मला म्हणाल्या, ‘त्या कोपऱ्यात आम्ही उखळ कधी ठेवलं नाही, पोकळ वाजतं.’ दोन महिन्यांनी तिथेच पेव निघालं. त्यांच्या नातवाने ते आधीच गच्चीच्या राडारोड्याने भरून टाकलं होतं, ही गोष्ट वेगळी.

नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पुराबद्दल विचारा. पानशेतच्या पुरानंतर घर पुन्हा बांधलं का, पडलेलं साहित्य तिथेच दाबलं का, जमीन किती वर उचलली? हा भराव खरंच भराव असतो. त्याच्या खालून पांढरी सुरू होते.

सावधान: तळघर किंवा बळद (धान्याची बंद कोठी) दिसलं म्हणून बॅटरी घेऊन आत उतरू नका. बंद जागेत हवा नसते. आडातही तेच. वरून फोटो, दोरीने खोली, एवढं पुरे.

४. मातीची तपासणी: इथेच सगळे चुकतात

आधी कायद्याचं. पुरातत्त्वासाठी उत्खनन करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. हौशी अभ्यासकाने मालकाच्या संमतीने चर खणून पाहावा, असं चालत नाही. मात्र पायाच्या आराखड्यासाठी मातीची तपासणी करावीच लागते. ती होत असताना माहितगार माणसाने शेजारी उभं राहून नोंद घ्यायची, हा सरळ मार्ग. त्यासाठी तपासणीच्या आराखड्यात तुमचं म्हणणं आधी जायला हवं.

अभियंत्याकडे तीन गोष्टी मागा.

पहिली, फक्त वॉश बोरिंगवर भागवू नका. त्यात माती पाण्याबरोबर ढवळून वर येते, थर कळत नाहीत. बोअरसोबत दोन किंवा तीन उघडे खड्डे घ्यायला सांगा. मुरूम, म्हणजे खालची नैसर्गिक कठीण जमीन, किती खोल आहे हे त्यांनाही पाहायचंच असतं, त्यामुळे फारशी खळखळ होत नाही.

दुसरी, खड्ड्यांच्या जागा बदलून मागा. अभियंता ते प्लॉटच्या कोपऱ्यांत टाकतो. कोपऱ्यांत ड्रेनेज, पाण्याची टाकी आणि जुन्या कुंपणाचा पाया असतो. एक खड्डा कुणी न छेडलेल्या जागी हवा, बहुधा मागच्या परसात. एक जुन्या इमारतीच्या दोन पायांच्या मधे. तिसरा, कागदांनी दाखवलेल्या संशयाच्या जागेजवळ, पण तिच्या नेमका वर नको.

तिसरी, ‘भराव’ हा शब्द तोडून लिहायला सांगा. रंग काय, राख आहे का, विटांचे तुकडे आहेत का, प्लास्टिक आणि सिमेंट कितीपर्यंत दिसतं. हा शेवटचा आकडा फार कामाचा. जिथे प्लास्टिक, सिमेंट आणि ग्लेझ्ड टाइल संपते, तिथपर्यंत अलीकडची उलथापालथ समजा. तिथपासून मुरमापर्यंतचं अंतर म्हणजे तुमची उरलेली पांढरी.

खड्ड्याची भिंत वाचताना वरून खाली उतरा. सगळी खोली एकाच पक्क्या खुणेपासून मोजा, रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापासून नको, ते दरवर्षी वर येतं. प्रत्येक थराचा फोटो पट्टी ठेवून काढा. सापडलेलं खापर ‘खड्डा २, १.४ ते १.६ मीटर’ अशा चिठ्ठीसह वेगळ्या पिशवीत. सगळं एकाच गोणीत भरून दिलंत तर कुठलाही तज्ज्ञ फक्त ‘जुनं आहे’ एवढंच सांगेल.

काय दिसलं तर काय समजायचं? निळ्या नक्षीची चिनी माती, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, शिवराई नाणी, चिलमी, पातळ विटा आणि चुना ही सारी पेशवाई आणि त्यानंतरच्या वस्तीची नेहमीची सोबत. त्याखाली चुना-वीट संपून नुसती करडी माती आणि हाती घासलेली, घट्ट भाजलेली खापरं सुरू झाली तर थांबा आणि जाणकाराला बोलवा. कसब्याच्या परिसरात सातवाहनकालीन खापरं मिळाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तिथे ‘पेशवाईच्या खाली मुरूमच’ असं गृहीत धरू नका.

जळका थर दिसला की लगेच साल चिकटवायचा मोह होतो. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला, शनिवारवाडा १८२८ मध्ये, बुधवारवाडा १८७९ मध्ये. पण पेठांत लाकडी घरं होती, आगी नेहमीच्याच होत्या. राखेवरून साल ठरवायचं नाही. राखेच्या वर आणि खाली काय आहे, त्यावरून ठरवायचं.

सावधान: दीड मीटरच्या खाली, कडेला आधार दिल्याशिवाय, कुणालाही उतरवू नका. पेठेत शेजारची सामाईक भिंत मातीची असते आणि तिचा पाया तुमच्या खड्ड्यापेक्षा उथळ असतो.

जीपीआरबद्दल दोन शब्द. जमिनीवरून रडार फिरवून खालचं पाहणारं हे यंत्र हल्ली भाड्याने मिळतं, आणि कमिटीला त्याची रंगीत चित्रं फार आवडतात. चिकणमातीत आणि ओलीत त्याचे तरंग लवकर विरतात, राडारोड्याच्या भरावात प्रत्येक दगड ठिपका होऊन दिसतो. पोकळी, हौद, दगडी नळ शोधायला ते उपयोगी. थर शोधायला नाही. ‘काही दिसलं नाही’ हा त्याचा निकाल ‘काही नाही’ म्हणून छापू नका.

५. तीन नकाशे एकावर एक

आता बटर पेपर काढा, किंवा कॅडमध्ये तीन थर करा. पहिल्यावर जे होतं ते. दुसऱ्यावर जे आधीच गेलं: जुन्या इमारतीचे पाये, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, ड्रेनेजचे चर. तिसऱ्यावर नवी इमारत, प्रत्येक खोदाईच्या खोलीसकट. लिफ्टचा खड्डा आणि मेकॅनिकल पार्किंगचा खड्डा विसरू नका, आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात ते बहुधा नसतातच.

समजा, प्लॉट ६०० चौरस मीटर आहे, अलीकडची उलथापालथ १.२ मीटरपर्यंत आणि मुरूम ३.५ मीटरवर. म्हणजे २.३ मीटर पांढरी उरली आहे. पूर्ण प्लॉटभर ४ मीटरचं बेसमेंट आलं तर ती सगळी जाते. बेसमेंट न करता स्टिल्ट पार्किंग आणि सुटे पाये घेतले तर फक्त पायांच्या जागी जाते. पाइल (खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घेतले तर आणखी कमी, पण पाइल कॅप आणि त्यांना जोडणाऱ्या बीमची खोली विचारून घ्या.

उलटंही होतं. जुन्या इमारतीलाच चार-पाच मीटरचं बेसमेंट असेल तर खाली काही उरलेलं नाही. अशा जागेचा अहवाल दोन पानांचा असावा. तिथे रडार फिरवायला लावणाऱ्या सल्लागाराला नमस्कार करून निरोप द्या.

शक्यता सबंध प्लॉटला देऊ नका, प्लॉटच्या भागांना द्या. पुढचा पट्टा कमी, कारण रस्तारुंदीनंतर नवा पाया. मधला भाग मध्यम. मागचं परस जास्त, कारण जुना आड आणि न छेडलेली माती. प्रत्येक शब्दापुढे ‘कारण’ हवंच. बुजवलेला आड तर दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा: पुरातत्त्वाच्या दृष्टीने, कारण तळाच्या ओलीत लाकूडसुद्धा टिकतं, आणि पायाच्या दृष्टीने, कारण त्यावर कॉलम आला तर तो खचेल. आर्किटेक्टला दुसरं कारण सांगा, कॉलम लगेच सरकतो.

६. खोदाईचे दिवस

अहवाल फाइलला लागला की काम संपलं, असं समजलं जातं. खरं काम पोकलेन येतं त्या सकाळी असतं. जास्त शक्यतेच्या भागात दातेरी बकेटऐवजी सपाट बकेट लावून २० ते ३० सेंटिमीटरचे थर काढायला सांगा. ही अट ठेकेदाराच्या कंत्राटात आधीच घालावी लागते, साइटवर तोंडी सांगून उपयोग नाही. ऑपरेटरला दर तासाचे नाही तर दर डंपरचे पैसे मिळत असतील तर तो सपाट बकेटला हातही लावणार नाही.

काम थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे एका माणसाच्या नावाने लिहून ठेवा. ‘कमिटी ठरवेल’ म्हणजे कुणीच ठरवणार नाही.

कुणाला कळवायचं, तेही त्याच कागदावर. जमिनीत दडवलेलं मौल्यवान काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यातली किमतीची मर्यादा दहा रुपयांची आहे, म्हणजे जवळजवळ सगळंच त्यात येतं. मूर्ती, शिलालेख, नाणी, बांधीव जलमार्ग यांसाठी राज्य पुरातत्त्व विभागाचं पुण्यातलं कार्यालय. माणसाची हाडं दिसली तर आधी पोलीस, वय नंतर ठरेल. मजुरांना पहिल्याच दिवशी सांगा की सापडलेली वस्तू दाखवली तर काम जाणार नाही, उलट बक्षीस मिळेल. हे सांगितलं नाही तर नाणी संध्याकाळच्या आत जुन्या बाजारात पोचलेली असतात.

आणि मेमध्ये, कोरड्या खड्ड्यात, एका बाजूने अचानक स्वच्छ पाणी आलं, तर लगेच प्लंबरला फोन करू नका. त्या कडेला दगडी नळ किंवा खापरी नळ फुटला आहे का ते पाहा, बकेट मागे घ्या, तोंड मोकळं ठेवा आणि पाणी कुठल्या दिशेने येतंय ते आधी नकाशावर लिहा.